न आलेल्यांची मोजणी

ऑफिसात शिरल्या शिरल्या बिरूभाऊ आधी रिकाम्या खुर्च्या मोजत. आलेल्या माणसांकडे त्यांचं लक्षही नसे. दारात चपला काढायच्या, डबा खिडकीत ठेवायचा, गळ्यातल्या रुमालानं मान पुसत खोलीवरून एकदा नजर फिरवायची आणि म्हणायचं, "तीन नायत. एक रजेवर हाय, ते ठावं हाय. बाकीचे दोघं कुठंयत?" आम्ही सगळे मिळून अकरा जण. कोण आलं नाही हे कळायला मोजणीची गरज काय, असं मला वाटे. एकदा मी म्हणालो, "बिरूभाऊ, त्यासाठी हजेरीचं मस्टर आहे की." ते खुर्चीत टेकत म्हणाले, "मस्टरात आलेल्याची सही असती, पाटील. न आलेल्याची कुठं असती?"

मी काही पाटील नाही. पाचोडला आमची चार शेतं आहेत, तेवढ्यावर त्यांनी मला पाटीलकी देऊन टाकली होती. ते स्वतः पिशोरकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत कळपामागं फिरलेला हा माणूस पुढे कचेरीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे अर्ज टाईप करू लागला आणि तिथल्याच कॉम्प्युटरवर फावल्या वेळात पीएचपी ही वेबसाइट लिहायची भाषा शिकला. आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत आले तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. आम्ही पोरं पंचवीस-सव्वीसची, इंजिनिअरिंग करून आलेली. त्यांच्या इंग्रजीला आम्ही मागून हसायचो. काम अडलं की मात्र खुर्ची सरकवत त्यांच्याच टेबलाशी जायचो.

ते दुष्काळाचे दिवस होते. एक उन्हाळा कसाबसा काढावा, तर पुढचा त्याहून वाईट यायचा. जायकवाडीचा तळ उघडा पडला होता आणि इकडे शहर मात्र बीड बायपासच्या पलीकडे, सातारा परिसराकडे, पडेगावकडे पसरतच चाललं होतं. नव्या इमारतींना रंग लागला होता, नळाला पाणी नव्हतं. मी घेतलेल्या फ्लॅटमध्ये नळ सात-आठ दिवसांनी यायचा, बोअर कोरडं गेलं होतं. पहाटे उठून टँकरच्या पाइपाशी उभं राहायचं, मग आंघोळ न करता ऑफिसला जायचं आणि तिथे बसून दिवसभर टँकरचंच काम करायचं. आता हे लिहितानासुद्धा त्या दिवसांचा शीण अंगात येतो.

काम असं होतं. गावोगावच्या टँकरची यादी ठेवणाऱ्या एका कार्यालयासाठी आम्ही वेबसाइट बनवत होतो. कोणत्या गावाला टँकर मंजूर आहे, कोणत्या दिवशी किती खेपा झाल्या, हे सगळं त्यात भरायचं. रोज सकाळी तिथला माणूस यादी छापायचा आणि वरच्या नावांपासून टँकर सोडायचा. फ्रेमवर्कच्या, म्हणजे वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्याच्या भाषेत सांगायचं तर दोन मॉडेल होती: एक गाव आणि दुसरं खेप. एका गावाच्या अनेक खेपा. गाव आईसारखं, खेपा तिच्या लेकरांसारख्या. हे मी नाही, बिरूभाऊंनीच सांगितलेलं.

त्याचं झालं असं की सुरुवातीला माझं पान उघडायला फार वेळ लागायचा. दोनशे बारा गावं होती. मी आधी सगळी गावं मागवत होतो आणि मग एकेका गावासाठी डेटाबेसकडे परत जाऊन त्याच्या खेपा आणत होतो. म्हणजे एका पानासाठी दोनशे तेरा फेऱ्या. बिरूभाऊ माझ्या मागं उभं राहून बघत होते. म्हणाले, "पाटील, तुम्ही कोकरं एकेक करून आणायलेत. अशानं दिस उजाडंल."

मग त्यांनी वाड्यावरची, म्हणजे मेंढरांच्या तळावरची संध्याकाळ सांगितली. दिवसभर मेंढ्या चरायला जातात, कोकरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात राहतात. संध्याकाळी कळप आला की ज्याची पाळी असेल तो कोकरं पाजायला बसतो. एक एक कोकरू उचलून त्याची आई शोधत कळपात हिंडलं, तर कुठल्या कुठं वेळ जातो. म्हणून सगळी वाघर एकदम मोकळी करायची. कोकरं धावत सुटतात, ज्याची आई त्याला मिळते. "तुमच्या फ्रेमवर्कात ती सोय हाय. गावं आन् त्यांच्या खेपा एकदमच मागवून घ्या. दोन फेऱ्यांत काम व्हतं." मी तसं केलं. पान लगेच उघडलं. कॉलेजात चार वर्षं बसून मला जे कळलं नव्हतं ते वाघरीनं कळलं, असं मी सगळ्यांना हसत सांगत फिरलो. ते मात्र हसले नाहीत. म्हणाले, "त्याच्यापुढचं तर ऐकलंच नाय तुमी. सगळी कोकरं आईला लागली की पाळीवाल्यानं उभं राहायचं आन् कोण एकटं हिंडतंय ते बघायचं. ज्याची आई आली नाय, ते आधी उचलायचं. आलेली दिसत्यातच. न आलेली मोजावी लागत्यात."

पाळीवाल्याचे आणखी दोन नियम होते. वाड्यावर चार-पाच घरांचा कळप एकत्र असायचा. ज्याची पाळी, त्यानं स्वतःची कोकरं सगळ्यांच्या शेवटी पाजायची. आणि त्या संध्याकाळी एखादं कोकरू हुकलं, मरून गेलं, तर मेंढी कोणाचीही असो, जबाबदार पाळीवाला. भाचा मध्येच उठून गेला, शेजाऱ्यानं वाघर नीट लावली नव्हती, असली सबब वाड्यावर चालत नसे.

हे सगळं मी कौतुकानं ऐकलं आणि कौतुकाच्या गोष्टींचं आपण करतो तेच केलं, विसरून गेलो.

पुढे कार्यालयाकडून तक्रार आली. यादी अकारविल्हे होती. त्यामुळे अ आणि आ पासून सुरू होणाऱ्या गावांना भरपूर पाणी आणि यादीच्या तळाशी असलेल्यांना टँकर संपून गेल्यावर नुसतं आश्वासन. क्रम बदलायचं काम मालकांनी माझ्याकडे दिलं. मला ते मनापासून आवडलं. मी ठरवलं की प्रत्येक गावाची शेवटची खेप कधी झाली ते काढायचं आणि ज्याची तारीख सगळ्यांत जुनी ते गाव सगळ्यांत वर. जो जास्त थांबला त्याला आधी पाणी. गावांचं टेबल खेपांच्या टेबलाला जोडलं, तारखेनं क्रम लावला, सहा ओळींत काम झालं. खूप दिवसांनी आपण काहीतरी न्यायाचं केलं असं वाटलं.

आमच्याकडे एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं तपासल्याशिवाय पुढे जात नसे. त्या आठवड्यात तपासणीची पाळी बिरूभाऊंची होती. संध्याकाळचे सहा वाजले होते, पंखा बंद होता. त्यांच्याही वस्तीत त्या दिवशी टँकर आला होता आणि पहाटे चारपासून ते हंडे घेऊन उभे होते. डोळे लाल झाले होते. त्यांनी माझ्या सहा ओळी वाचल्या, मान डोलावली, आणि विचारलं, "सगळी आली का?"

"आली," मी म्हणालो.

मी मोजली नव्हती. पडद्यावर लांबलचक यादी दिसत होती, ती काय कमी असणार? आणि ज्या माणसानं आयुष्यात कधी दुसऱ्याच्या मोजणीवर विश्वास ठेवला नाही, त्यानं त्या एका संध्याकाळी माझ्या शब्दावर ठेवला. "मग लावा," म्हणाले आणि डबा उचलून गेले.

त्यानंतरच्या दिवसांत त्यांना फोन येऊ लागला. बोलणं माझ्या कानावर पडायचं. थोरली बहीण होती, येसूअक्का. देवगाव रंगारीच्या पुढं हिवरवस्ती म्हणून चौदा घरांची वस्ती, तिथं दिलेली. बिरूभाऊ हळू आवाजात सांगायचे, "अक्का, मंजुरी झालीय म्हनतीस ना? मग थांब. यादी आमीच लावलीय. जो लई थांबला त्यो वर येतो. नंबर येईल तुमचा." चार-पाच दिवसांनी परत तेच. "थांब अक्का. मेंढरं घेऊन कुठं जाशील उन्हात? मी सांगतोय ना, थांब." मला आठवतं, ते ऐकून मला बरं वाटायचं. आपली यादी कोणाच्या तरी बहिणीला उपयोगी पडते आहे असं वाटायचं.

अठराव्या दिवशी बिरूभाऊ ऑफिसात आले आणि त्यांनी खुर्च्या मोजल्या नाहीत. चपला घालूनच आत आले, माझ्याशेजारी बसले. "पाटील, जुनी यादी काढा. आन् नवी काढा. दोन्हींची संख्या सांगा."

जुनी दोनशे बारा. नवी एकशे शहाण्णव.

सोळा नावं नव्हती. का नव्हती हे कळायला आम्हा दोघांनाही मिनिटसुद्धा लागलं नाही. मी गावं खेपांशी जोडली होती. ज्या गावाची एक तरी खेप झाली ते जोडलं जायचं. ज्याला टँकर मंजूर झाला पण पहिली खेपच झाली नव्हती, त्याला जोडायला पलीकडे काही नव्हतं, म्हणून ते यादीतून गळून जायचं. नव्यानं मंजूर झालेल्या सोळा वस्त्या. ज्यांना एकदाही पाणी मिळालं नव्हतं नेमक्या त्याच. त्यांनी फोन केला की कार्यालयातला माणूस छापील यादीत बघायचा आणि नाव नाही म्हणून सांगायचा की अजून मंजुरी व्हायची असेल. त्याचा तरी काय दोष? डेटाबेसला विचारलेली क्वेरी चुकली असती तर लाल अक्षरांत एरर आली असती. ती चुकली नव्हती. मी जे विचारलं त्याचं बरोबर उत्तर तिनं अठरा दिवस दिलं होतं.

बिरूभाऊ रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि जोडणी बदलली. खेप असो वा नसो, प्रत्येक गाव आलंच पाहिजे, आणि तारीख रिकामी असेल ते सगळ्यांत वर. यादी परत काढली. दोनशे बारा. वरच्या सोळा नावांपुढे तारखेची जागा कोरी. त्या सोळांत हिवरवस्ती होती.

आता सोळाही जणांचं थांबणं सारखंच, मग त्यांच्यातला क्रम काय? बिरूभाऊंनी थोडा विचार केला आणि लिहिलं की जिथं माणसं जास्त ती वस्ती आधी. हिवरवस्ती चौदा घरांची. ती सोळांत पंधरावी गेली. तेव्हा टँकर कमी होते. पंधरावा नंबर म्हणजे आणखी दोन-तीन दिवस.

"बिरूभाऊ," मी म्हणालो, "मी हातानं वर घेतो. एका आकड्याचा प्रश्न आहे. कोणाला कळणार नाही."

"नको."

"बहीण आहे तुमची."

"म्हणूनच नको." पडद्याकडे बघत ते म्हणाले. "क्रम लावला की कोणीतरी मागं जातंच, पाटील. आपलं मागं गेलं तर तोंड वर करून सांगता येतं."

दुपारी मालकांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. कार्यालयाकडून फार बोलणी खावी लागली होती. त्यांनी विचारलं, "हे कोणाचं काम?" मी पुढे झालो नाही. लग्न ठरलेलं होतं, फ्लॅटचा हप्ता होता, ही सगळी कारणं आता लिहिताना आठवतात. तेव्हा नुसती भीती होती. माझ्या आधी बिरूभाऊ बोलले. "तपासणीची पाळी माझी व्हती. माझ्याकडून सुटलं." मालक त्यांना बरंच बोलले. झेरॉक्सच्या दुकानाचाही उद्धार झाला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहिलो. बाहेर आल्यावर मी काहीतरी पुटपुटलो, तर म्हणाले, "जाऊ द्या. पुढच्या वेळंला मोजा."

तिसऱ्या दिवशी हिवरवस्तीची पहिली खेप झाली. मी पडद्यावर तारीख भरलेली बघितली आणि त्यांना आनंदानं दाखवली. त्यांना आधीच कळलं होतं. टँकर पोचला तेव्हा वस्तीत चारच घरं उघडी होती. भावाच्या शब्दावर येसूअक्का अठरा दिवस थांबली, तेवढ्यात कोकरं गेली, मग राहिलेली मेंढरं व्यापाऱ्याला देऊन नवराबायको वाळूजकडे एका बांधकामावर निघून गेले होते. बिरूभाऊ एवढंच म्हणाले, "खेप झाली, बरं झालं. बाकीच्यांना तरी मिळालं."

त्यानंतर त्यांना बहिणीचा फोन आलेला मी ऐकला नाही. विचारलंही नाही. आमचं ऑफिस वाढलं, नव्या इमारतीत गेलं, खुर्च्या चाळीस झाल्या. बिरूभाऊ त्याही मोजत. पुढे पाऊस बरा झाला, ते टँकरचं काम बंद पडलं, आणि त्यांची किडनी बिघडली. नोकरी सोडायच्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं आता तो विषय निघणार. ते म्हणाले, "नव्या पोरांना जोडणी शिकवताना आधी रिकामी बाजू दाखवत जा. भरलेली कोणालाबी दिसती." एवढं बोलून रिक्षात बसले.

दीड वर्षानं ते गेल्याचं कळलं. बायको आधीच वारली होती, एकुलती मुलगी नाशिकला. दहाव्यानंतर एका दुपारी मी पडेगावच्या पलीकडच्या त्यांच्या दोन खोल्यांवर गेलो. दार एका वयस्कर बाईनं उघडलं. विटकं लुगडं, कपाळ मोकळं, आणि नाक अगदी बिरूभाऊंचं. मी नाव सांगितलं. "व्हय, पाटील ना तुमी? त्यो लई नाव घ्यायचा तुमचं," त्या म्हणाल्या. येसूअक्का. भाऊ आजारी पडल्याचं कळल्यावर त्या येऊन राहिल्या होत्या. शेवटचं वर्षभर त्यांनीच सगळं केलं.

मला पाणी देऊन त्या ज्वारी निवडायला बसल्या. बोलता बोलता त्या वर्षाचा विषय निघाला. "अठरा दिस थांब थांब म्हनला मला," त्या सांगू लागल्या. "आन् मग येऊन सांगतो, अक्का, यादीत तुझं नावच नव्हतं, माझ्या हातून सुटलं. माझ्या डोळ्यांपुढं कोकरं गेली व्हती. मी म्हनलं, जा, परत तोंड दाखवू नकू. राखीला आला तर दारातनं माघारी लावला. पुढच्या राखीलाबी आला. तवाबी लावला."

मला हे काहीच माहीत नव्हतं. त्या दोन्ही राख्यांच्या दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले असतील, खुर्च्या मोजल्या असतील, माझ्याशेजारी बसून जेवले असतील. मी पेला खाली ठेवला.

"अक्का," मी म्हणालो, "ती यादी त्यांनी नव्हती लावली. मी लावली होती. त्यांनी मला विचारलं, सगळी आली का. मी आली म्हणालो. मोजली नव्हती."

सुपातला त्यांचा हात थांबला.

"मला तर कधीच बोलला नाय," त्या म्हणाल्या. "वरीसभर हितं व्हते मी. हातानं पेज पाजायची. तवाबी नाय."

"तपासायची पाळी त्यांची होती, असं ते म्हणाले."

"व्हय. पाळी असंल तर तसंच असतं." त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. जे कळत नाही ते माहीतगाराला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "पर पाटील, दोन वरसं मी त्याच्याशी बोलले नाय. ती आता कोणाच्या नावावर टाकू मी?"

मालकांनीही एकदा असंच विचारलं होतं, कोणाचं काम म्हणून. फक्त या वेळी माझ्या आधी बोलणारं कोणी नव्हतं.